बांधावरचे तीन दिवस

ललितच्या घरी एक गोष्ट पाहुण्यांना नेहमी हसत सांगितली जाते. त्याचे आजोबा बुधा दुसरं महायुद्ध संपल्यावर पलटणीबरोबर जपानला गेले होते. हरलेल्या मुलखात दीड वर्ष बंदूक घेऊन पहारा केला आणि परत आले ते साहेब होऊनच. पुढच्या पावसाळ्यात घरच्या भाताची आवणी लागली. सगळा पाडा चिखलात वाकून रोपं लावतोय आणि हे आपले खाकी पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर बसलेले. एक दिवस नाही, चांगले तीन दिवस. चौथ्या दिवशी उठले, नाशिकचा रस्ता धरला आणि देवळालीला एका बंगल्यावर पहारेकरी म्हणून राहिले. सणावाराला घरी येत, पण मरेपर्यंत पुन्हा कधी खाचरात उतरले नाहीत.

“पाटलोण दुमडायचे कष्ट मात्र घेतले बरं का,” ललित शेवटी म्हणतो.

“तेच रक्त आहे,” त्याची बायको ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून ओरडते. “ह्यांना फरशी पुसायला सांगा. बादली भरतात आणि सोफ्यावर जाऊन बसतात.”

सगळे हसतात. मीही कितीदा हसलो आहे. खिडकीजवळच्या कॉटवर भागीबाई बसलेल्या असतात. त्या बुधाची बायको, ललितची आजी. त्या हसत नाहीत. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. वय पंच्याण्णव असेल, सत्त्याण्णवही असेल. आधारकार्डावर एक जानेवारी आहे, पण ती त्यांच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या कार्डावर आहे.

मी शहरातल्या एका वाचनालयात पस्तीस वर्षं नोकरी केली. ललित तेव्हा परीक्षेची पुस्तकं न्यायला यायचा. पुढे तो जिल्हा परिषदेत लागला आणि पेठ रोडला आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आला. एकदा बोलता बोलता निघालं, की माझ्या वडिलांची पहिली नेमणूक त्याच्याच गावात होती. उंबरमाळ, पेठच्या डोंगरात. वडील, सावळीराम मास्तर, तेव्हा बावीस वर्षांचे होते. भागीबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून माझा चेहरा हाताने चाचपला.

“मास्तरचा पोर? व्हय, नाक त्याचंच हाय.”

तेव्हापासून दर रविवारी मी तिथे तासभर बसतो. बोलतो थोडं. चहा घेतो. जेवणाचा आग्रह झाला, की घरी वाट बघतात असं सांगून उठतो. कुणाच्या घरी जेवायला मला संकोच वाटतो. तो वडिलांकडून आला आहे. ते मास्तर झाले त्या काळात आमच्या माणसाने कुणाच्या ओसरीवर किती पावलं आत यायचं हे ठरलेलं होतं. काळ बदलला, आम्ही बौद्ध झालो, पण वडील शेवटपर्यंत उंबऱ्याशी अडखळत. मीही अडखळतो.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात घराचं रंगकाम काढलं. सून चैताली माझं पुस्तकांचं कपाट रिकामं करत होती.

“बाबा, ह्यातली निम्मी तरी द्या ना कुणाला. ह्या अंकगणिताला कसर लागलीय.”

“ते माझ्या वडिलांचं आहे.”

“म्हणून कसरीनं पण वारसाहक्कानं राहायचं का?”

तिने पुस्तक उलटं धरून झटकलं आणि त्यातून एक पाकीट पडलं. बदामी रंगाचं, वर लष्करी टपालाचा गोल शिक्का. पत्ता भागीच्या नावाचा, मार्फत शाळामास्तर, उंबरमाळ. पाकीट कडेने नीट कापलेलं होतं. मागच्या बाजूला वडिलांचं शिसपेन्सिलीचं बारीक अक्षर: “२७ जुलै ४७. भागी एकटी भेटल्यास वाचून दाखवणे.” आणि त्याखाली दुसऱ्या तारखेचा एकच शब्द: “सप्टेंबर ४८. राहिले.”

मी पत्र घेऊन गच्चीवर गेलो. बुधा लिहायला पलटणीच्या शाळेत शिकला होता. अक्षर मोठं, ओळी डोंगर उतरल्यासारख्या खाली गेलेल्या. पत्र असं होतं:

“भागीला बुधाचा रामराम. मास्तर, हळू वाचा, तिला समजू द्या.

मी बरा हाय, पण कोठडीत हाय. अठ्ठावीस दिसांची शिक्षा झाली, त्यातले नऊ झाले. चोरी केली नाय, कोणाला मारलं नाय. काय केलं ते दुसरं कोणी सांगायच्या आधी मीच सांगतो.

इथं आमचं काम म्हणजे उभं राहणं. जळालेल्या गोदामापुढं उभं राहायचं. बंदरात बोट लागली की उतरणाऱ्यांच्या पिशव्या बघत उभं राहायचं. ती त्यांचीच माणसं, हरून घरी आलेली, अंगावर फाटकं. आम्हाला बघून वाकतात. म्हातारे पण वाकतात. मला बाप आठवतो, तो फॉरेस्टच्या साहेबापुढं असाच वाकायचा. मी मान दुसरीकडं करतो. आणि रोज दुसऱ्यांना घरी जाताना बघायचं नि आपण तिथंच उभं, हे लय वाईट.

हिवाळ्यात बर्फ पडला ते मागं लिहिलं. तवा बरं होतं, काय ओळखीचं दिसत नव्हतं. आता पाऊस लागला, डोंगर हिरवा झाला आणि सगळं आपल्यासारखं दिसाय लागलं. तशीच खाचरं, पायऱ्या पायऱ्यांची. तसेच बांध. बेडकं तीच. रोपांचा वास येतो आणि मला वाटतं तू बाहेरच हायस. मग झोप नाय लागत.

आमच्या चौकीखाली एका बाईचं खाचर हाय. नवरा लढाईत गेला तो आला नाय. घरात म्हातारा सासरा, एक म्हातारी आणि ती. रोपं उपटून ठेवलेली, लावाय माणूस नाय, पिवळी पडाय लागली. चार दिस मी बघितलं. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून हात केला. बोलवत होता का माशी हाकलत होता मला ठाऊक नाय. मी बंदूक जोडीदाराकडं दिली, बूट काढले, पाटलोण दुमडली आणि उतरलो. भागी, चिखल तोच हाय. ती माणसं आधी भ्याली, मग हसली. ती दोरी बांधून सरळ रांगेत लावतात, माझी रांग वाकडी गेली म्हणून हसली.

संध्याकाळी तिनं ओट्यावर जेवाय ठेवलं. भाताचा गोळा नि उकडलेलं रताळं. त्यांचं त्यांना पुरत नाय. जपानी माणसाच्या घरी जायचं नाय, खायचं नाय असा आम्हाला हुकूम हाय. पण इर्जिकीला आलेला माणूस उपाशी गेला तर त्या खाचराचं काय होतं ते तुला ठाऊक हाय. मी बसलो, खाल्लं. तेवढ्यात आमच्या पोलिसांची जीप आली. साहेबानं विचारलं, बाईच्या घरात काय करत होतास. मी म्हणालो, इर्जिक. त्याला समजलं नाय.

एक गोष्ट लपवत नाय. ती वाकली की पाठीमागून तुझ्यासारखी दिसायची. मी बघितलं. तेवढंच.

पलटणीत घाणघाण बोलतात. ते तिकडं पोचंल. तुला राग आला तर बरोबर हाय, मी आपलं खाचर सोडून परक्याच्या खाचरात उतरलो. मी घरी आलो की काय विचारू नको. मला तोंडानं सांगता यायचं नाय, म्हणून लिहितो. पुढल्या आवणीला मी पाटलोण दुमडून बांधावर येऊन बसंन. राग नसंल तर मला हाक मार. हाक मारलीस की उतरंन. नाय मारलीस तर समजंन, मग कधी बोलणार नाय.”

इर्जिक म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. एकाच्या शेतावर सगळ्यांनी मिळून एक दिवस राबायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि ज्याचं शेत त्याने पोटभर जेवू घालायचं. कोणी उपाशी गेला, तर त्या खाचरात भात येत नाही अशी समजूत. उंबरमाळला आवणीच्या इर्जिकीत आणखी एक रीत होती, ती मला भागीबाईंनीच सांगितली होती. रोपांची पहिली मूठ घरची सून लावते आणि मग बांधावर जमलेल्या एकेकाला हाक मारून खाचरात घेते. हाकेशिवाय कोणी उतरत नाही, घरचा माणूससुद्धा.

मी गच्चीवर किती वेळ बसलो होतो माहीत नाही. पहिल्यांदा वडिलांची कीव आली. त्यांची सवय मला ठाऊक होती. कुठलंही पत्र ते आधी स्वतःशी वाचत, म्हणजे मोठ्याने वाचताना जीभ अडखळू नये. त्या काळी पत्र आलं, की सारा पाडा शाळेच्या पडवीत ऐकायला जमायचा, भागीची सासू सगळ्यांत पुढे. कोठडी आणि बाई हे शब्द तिच्यादेखत कसे वाचायचे? आणि सतरा-अठरा वर्षांच्या सुनेला एकटीला गाठायचं कसं, तेही आमच्या जातीच्या एका बावीस वर्षांच्या परक्या मास्तराने? ते संधी शोधत राहिले असतील. तेवढ्यात दिंडोरीकडचा एक शिपाई आजारी पडून आधी परतला. बुधा जपानात बाईच्या घरात सापडला, असं त्याने पेठच्या बाजारात सांगितलं. हे मला ललितने कधीतरी हळू आवाजात सांगितलं होतं. घरात ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नसे.

मग मी पाकिटावरची दुसरी तारीख पुन्हा पाहिली. वडिलांची बदली येवल्याला झाली ती अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात. आवणी असते जून-जुलैत. म्हणजे बुधा तीन दिवस बांधावर बसला तेव्हा वडील उंबरमाळलाच होते. मी ललितबरोबर एकदा ते गाव पाहून आलो आहे. शाळेच्या पडवीतून ती खाचरं सरळ समोर दिसतात.

त्यांना माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. साऱ्या पाड्यात तेवढ्या एकाच माणसाला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी पाकीट खिशात घेऊन गेलो, चहा प्यालो आणि परत आलो. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच केलं. रात्री मनाशी म्हणायचो, की पंच्याण्णव वर्षांच्या बाईला आता हे ऐकवून काय मिळणार? नवरा निर्दोष होता हे कळेल, पण आपण हाक मारायला हवी होती हेही कळेल. त्यापेक्षा त्याला वाईट समजत शांत मरण आलेलं काय वाईट? युक्तिवाद चांगला होता. मग लक्षात यायचं, की वडिलांनीही असाच चांगला युक्तिवाद केला असणार, चौदा महिने.

तिसऱ्या रविवारी मी ललितला जिन्यात गाठलं आणि पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं. शेवटाला आला तेव्हा त्याचे ओठ हलत होते.

“काका, ही... ही ती बांधावरची गोष्ट आहे.”

“हो.”

“मी ती कितीजणांना सांगितलीय.” तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “नका वाचू. जुनं झालं सगळं. तिला आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.”

वर दारात ज्योत्स्ना येऊन उभी होती. तिने त्याच्या हातातून पत्र घेतलं, वाचलं, आणि डोळे पुसून पहिल्यांदा पाकिटावरचा पत्ता दाखवला. “नाव कुणाचं आहे?”

“अगं पण तिला त्रास...”

“नाव कुणाचं आहे ते सांगा. तुमचं आहे? काकांचं आहे?”

“तू प्रत्येक गोष्टीत...”

“तुमच्या घरातले सगळे पुरुष बायकांना त्रास होऊ नये म्हणूनच गप्प बसतात. फार दयाळू.”

ते दोघे बोलत राहिले आणि मी पत्र परत खिशात घालून आत जाऊन बसलो, निर्णय माझ्या हातून जाण्याची वाट बघत. तो गेलाच. भागीबाई माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होत्या. पातळ कापडातून पाकिटाचा रंग दिसत असावा.

“मिल्ट्रीची चिठ्ठी हाय ती.”

मी खिशावर हात ठेवला.

“माझ्या पेटीत अशा अकरा हायत. वाचता येत नाय म्हणून वळखता येत नाय असं नाय. कुठं व्हती ही?”

“वडिलांच्या पुस्तकात, मावशी.”

हे मी इतकं हळू म्हणालो, की त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण त्यांनी मान हलवली. “वाच.”

ललित आणि ज्योत्स्ना दारात येऊन थांबले. मी खुर्ची कॉटजवळ ओढली आणि वाचायला लागलो.

“मोठ्यानं. तुझा बाप पण तोंडातल्या तोंडातच वाचायचा.”

आयुष्यभर वाचनालयात ‘शांतता राखा’ अशा पाटीखाली बसलेला माणूस मी. माझा आवाज चढतच नाही. तरी चढवला. “पण कोठडीत हाय!” असं मी ओरडून वाचलं आणि समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. ज्योत्स्नाने खिडकी लावून घेतली. मी घशाच्या शिरा ताणून ते बंदर वाचलं, वाकणारे म्हातारे वाचले, बेडकं वाचली. भागीबाईंचा चेहरा हलत नव्हता. दोरीशिवाय रांग वाकडी गेली हे आलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. हसू असेल, नसेलही.

“पाठीमागून?” त्यांनी मधेच विचारलं.

“हो. पाठीमागून तुमच्यासारखी.”

“मग?”

“बघितलं, तेवढंच, असं आहे.”

“हं.”

त्यानंतर शेवटचा भाग होता. ‘मी घरी आलो की काय विचारू नको’ इथवर मी वाचलं आणि थांबलो. ठरवून थांबलो असं म्हणवत नाही. घसा कोरडा पडला होता हेही खरं. पण पुढच्या ओळी डोळ्यांपुढे होत्या आणि जीभ वळत नव्हती. मी आवंढा गिळला आणि म्हणालो, “संपलं.”

भागीबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“नाय संपलं. तुझा बाप असाच थांबायचा. आधी घोट गिळायचा, मग म्हणायचा, बाकी सर्व ठीक. मी तवा लहान व्हते. मला वाटायचं, मास्तरला तहान लागते.”

मी ललितकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मी उरलेल्या ओळी वाचल्या. आता ओरडण्याची गरज पडली नाही. त्या पुढे वाकल्या होत्या, त्यांचा कान माझ्या तोंडापाशी होता.

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

“पाटलोणीचं परत वाच.”

मी वाचलं. “पुढल्या आवणीला मी पाटलोण दुमडून बांधावर येऊन बसंन.”

“दुमडून बसला व्हता,” त्या म्हणाल्या. “बूट घालून घालून पाय गोरे झालेले. मला वाटलं, पाय दाखवाय बसला. मिजास. मी सगळ्यांना हाक मारली. धोंडाबाईला मारली, कुसाबाईला मारली. ठमाबाई आंधळी, ती नुस्ती बांधावर बसून मुठी पुढं सरकवायची, तिला सुदीक मारली. एकेकाला हाक मारली की तो मान वर करायचा. मी बघत व्हते. मला वाटायचं, बघ आता, कसं वाटतंय. तीन दिस. दुसऱ्या दिशी पाऊस झोडपत व्हता तरी उठला नाय.”

“आजी, जाऊ दे आता,” ललित जवळ येऊन म्हणाला. “जुनं झालं ते.”

“तू सांगतो ना पावण्यांना ती बांधावरची. आता नको सांगू.”

“तुला ऐकू यायचं?”

“हसलेलं दिसतं की.”

ललित गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. मला माफी मागायची होती, ती मी घरून पाठ करून आलो होतो. मी म्हणालो, “मावशी, माझ्या वडिलांनी तुमचं... त्यांच्या वतीनं मी...” पाठ केलेलं वाक्य मला पुरं करता आलं नाही.

“मास्तर पडवीत उभा व्हता,” त्या म्हणाल्या. “तिन्ही दिस. मी म्हणायचे, हा शाळा सोडून काय बघतो? आवणी कधी बघितली नाय का?” मग म्हणाल्या: “भला व्हता तुझा बाप. पाटी फुटली तर पोराला आपल्या पैशानं आणून द्यायचा. लय भित्रा व्हता.”

मी मान खाली घातली. त्यांनी माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या मनात माझे वडील फार थोडे होते.

“तो मरंपर्यंत बत्तीस वर्सं,” त्या म्हणाल्या. “पोरगा झाला. त्याचं लगीन झालं. सणाला यायचा, मी वाढायचे, तो खायचा. मी म्हणायचे, हा बोलंल. तो सांगंल नि मग मी भांडंन, मग झालं. तो बोललाच नाय. मला वाटलं, खरं असंल म्हणून बोलत नाय.” त्यांनी हात पुढे केला. मी पत्र हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, पाकिटात घालून मांडीखाली ठेवलं, जसा कुणी पैशाचा बटवा ठेवतो तसं. “त्याला वाटलं, मला ठाऊक हाय.”

मी उठलो. दुसरं काय करावं सुचत नव्हतं. चपला दाराशी होत्या. नेहमीचं वाक्य तोंडात आलं, घरी वाट बघतात.

“कुठं निघाला?”

“घरी, मावशी.”

“काम केलं ना आत्ता? बस. जेवल्याबिगर जाऊ नको.” आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, “ज्योत्स्ना, वाढ ह्याला.”

ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. माझा नकार तिला माहीत होता, इतकी वर्षं ऐकत आली होती. मी चपलेतला पाय परत काढला. नागलीची भाकरी होती, उडदाचं पातळ वरण आणि मिरचीचा ठेचा. तिने ताट खाली, कॉटसमोर मांडलं. मी बसलो. भाकरी मोडली.

“तुम्हीही घ्या ना थोडं,” मी म्हणालो.

भागीबाईंनी नुसता हात हलवला. त्या बंद खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. माझी अर्धी भाकरी झाली तेव्हा त्यांनी न वळता विचारलं, “त्या बाईच्या खाचरात भात आलं का ते लिवलंय?”

“नाही. पत्र आवणीनंतर लगेचचं आहे.”

“आलं असंल. तो जेवून उठला व्हता.”

“हो,” मी म्हणालो.

मग पुष्कळ वेळाने, मला वाटलं त्यांना डुलकी लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तो बांधावर बसला त्या साली आपलं बी लय आलं. साठवाय कणग्या पुरल्या नाय. सासू म्हणाली, सुनेचा हात चांगला हाय.”

ज्योत्स्ना दुसरी भाकरी घेऊन माझ्यापुढे उभी होती. मी ताटावर हात आडवा धरला नाही. तिने वाढली, आणि मी ती खाल्ली. भागीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.